कैदेतली जपानी

आयुष्यात मी एकदाच परदेशी बाईच्या हातचा मार खाल्ला, तोही छत्रीचा. बाई कोरियाच्या, वय सत्तरीच्या पुढं, उंची माझ्या कोपराएवढी. ठिकाण अजिंठा, लेण्यांच्या पायऱ्या. माझा गुन्हा एवढाच की सगळ्या ग्रुपला मी मोठ्या उत्साहानं, खणखणीत जपानीत ‘सावधान!’ म्हणालो होतो.

कोरियन माणसांशी जपानी का बोललास, असं कोणी विचारेल. तर एजन्सीनं मला ‘पूर्वेकडचा ग्रुप आहे’ एवढंच सांगितलं होतं. मुंबईचा माणूस जसा बीडपासून गोंदियापर्यंत सगळ्यांना ‘तिकडचे’ म्हणतो, तसा माझाही पूर्वेचा भूगोल होता. बाईंनी आधी छत्री घातली आणि मग अस्सल जपानीत मला जे सुनावलं, त्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही. माझी जपानी तेवढी नव्हतीच. शेवटी त्यांच्या नातीनं इंग्रजीत उलगडा केला. आजी लहान असताना त्यांच्या देशावर जपानचं राज्य होतं. शाळेत स्वतःची भाषा बोलायची बंदी. रोज सकाळी एक मास्तर हाच शब्द ह्याच आवाजात ओरडायचा.

‘आजी विचारतेय,’ नात म्हणाली, ‘तुम्ही भारतीय. हा आवाज तुम्ही कुठून आणलात?’

प्रश्न रास्त होता. खांदा चोळत मी ‘सॉरी’ म्हणालो आणि पुढच्या लेण्याकडं पळालो. उत्तर मोठं आहे, ते इथं देतो.

मी अजिंठा-वेरूळचा गाइड. आता निवृत्त; म्हणजे गुडघे निवृत्त झालेत, तोंड चालू आहे. मी धंद्यात आलो तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणायचे आणि इंग्रजी बोलणारे गाइड हॉटेलांच्या दाराशी रिक्षांसारखे ओळीनं उभे असायचे. जपानी बोलणारा मात्र औषधालाही सापडत नसे. आणि जपानी तर बुद्धाच्या ओढीनं बसच्या बस भरून येत.

लोकांना वाटतं, गाइडचं काम चित्रं दाखवायचं. छे! चित्रं दिसतातच. गाइडचं काम माणसं मोजायचं. आत मिट्ट काळोख, हातात एक बॅटरी, एका लेण्यातून दुसऱ्यात जाताना कोणी तरी एखाद्या खांबामागं फोटो काढत राहतो. संध्याकाळी बस भरली आणि एक खुर्ची रिकामी निघाली, की गाइड बॅटरी घेऊन सगळ्या पायऱ्या पुन्हा चढतो. दुसरं काम म्हणजे पाठांतर. आम्ही त्याला ‘कॅसेट’ म्हणतो. बटण दाबलं की जातककथा सुरू. आणि तिसरा नियम कुठंच लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात: पाहुणा जेवायला उदास जाता कामा नये. उदास पाहुणा दुपारी हिमरूची शाल घेत नाही, आणि त्यानं शाल घेतली नाही तर दुकानदार आम्हाला चहासुद्धा पाजत नाही.

ह्या तिसऱ्या नियमात मी तरबेज होतो. वेरूळला मूर्तीचं नाक कोणी फोडलं, ह्याचं उत्तर मी समोरच्याचा चेहरा बघून द्यायचो. चेहरा वाचता आला नाही, की वीज पडली म्हणून सांगायचो. माझ्या हिशेबानं वेरूळच्या डोंगरावर जेवढ्या विजा पडल्यात, तेवढ्या खरंच पडल्या असत्या तर डोंगर उरला नसता.

तर जपानी. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दस्तगीर चाचांचं दुकान होतं. तासाच्या भाड्यानं सायकली. मी सिल्लोडकडच्या खेड्यातून आलेला, बी.ए.ला दोनदा आपटलेला अंकुश. दिवसभर त्यांच्या सायकलवर नोकरी शोधत हिंडायचो. एकदा संध्याकाळी सायकल परत करायला गेलो, तर चाचा दुकान आवरत होते. प्रत्येक सीटवर थाप मारत, सायकली मोजत: ‘इची, नी, सान, शी, गो...’

‘चाचा, ही कुठली भाषा?’

‘जपानी.’

‘तुम्हाला जपानी येते?’

‘आती नहीं मियाँ,’ चाचा म्हणाले, ‘निकलती है.’

चाचा निजामाच्या फौजेत होते. महायुद्धात त्यांची पलटण इंग्रजांच्या बाजूनं लढायला मलायात गेली आणि तिथं जपान्यांच्या हाती लागली. मग आगबोटीत कोंबून त्यांना न्यू गिनीकडच्या कुठल्याशा बेटावर नेलं. बाकीचं युद्ध चाचांनी तिथं कैदेत, विमानतळासाठी माती वाहत काढलं. हे ऐकताना माझ्या डोक्यात काय आलं असेल? दया? कणव? नाही. माझ्या डोक्यात आलं, लॉटरी लागली.

‘चाचा, मला शिकवा.’

‘कायकू?’

‘पोटासाठी.’

‘हौ,’ चाचा म्हणाले. ‘मैं भी पेट के वास्ते च सीखा था.’

पंक्चर काढता काढता शिकवणी सुरू झाली. ‘कियोत्सुके’ म्हणजे सावधान. ‘हायाकु’ म्हणजे लवकर. ‘कोरा’ म्हणजे अरे ए. ‘बांगो’ म्हणजे मोजणी: रांगेतल्या प्रत्येकानं आपापला आकडा ओरडायचा. मी म्हटलं, चाचा, ‘कृपया’ला काय म्हणतात? चाचांचा पंप मारणारा हात थांबला. म्हणाले, ‘वो लफ्ज कभी सुना नहीं.’

‘बरं, आणि धन्यवाद?’

‘वो हम बोलते थे. मार खाने के बाद.’

एवढ्यावर शहाण्या माणसाला कळायला हवं होतं. पण मी शहाणा असतो तर बी.ए. झालो नसतो का? लेण्यांची माहिती मी एका पुस्तकावरून जपानीत घोकली आणि बाकीची सगळी भाषा चाचांकडून उचलली. म्हणजे मला बुद्धाचं महापरिनिर्वाण सांगता यायचं आणि माणसांना हाकता यायचं. मधलं काही नाही.

पहिला ग्रुप आला. पेन्शनर जोडपी, दोनचार पोरी. लेण्यासमोर उभा राहून मी छाती फुगवली आणि चाचांच्याच आवाजात गरजलो, ‘कियोत्सुके! बांगो!’ क्षणभर सगळे गार. मग जो हशा पिकला! आजोबा-आज्या खिदळत रांगेत उभ्या राहिल्या, पोरींनी पोट धरून आकडे ओरडले, कॅमेरे निघाले. संध्याकाळी बसमध्ये एकही खुर्ची रिकामी नाही. पुढच्या हंगामात एजन्स्या माझंच नाव घेऊ लागल्या: तो मजेदार गाइड हवा. जपान्यांनी मला लाडानं नावही ठेवलं, ‘गुंसो-सान’. सान म्हणजे जी, एवढं मला ठाऊक होतं. तेव्हा गुंसो म्हणजे गुरू असणार, हे मीच ठरवून टाकलं. ठरवलं ते ठरवलं, छापूनही घेतलं. गुलमंडीतल्या छापखान्यात कार्डं केली: वर माझं नाव, खाली ठसठशीत ‘गुंसो’. आणि पहिलं कार्ड पेढ्यांसोबत चाचांना द्यायला गेलो.

चाचांनी मला ते वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून त्यांनी कार्ड पालथं ठेवलं.

‘गुंसो मतलब हवालदार.’

मी जरा खट्टू झालो. गुरूचा एकदम हवालदार झालो होतो. तरी म्हणालो, ‘हरकत नाही चाचा, बी.ए. नापासाला हवालदारकी म्हणजे बढतीच.’ चाचा हसले नाहीत. पेढ्याचा पुडा त्यांनी उघडलाच नाही. त्या दिवशी त्यांनी मला किसन सांगितला.

किसन त्यांच्याच पलटणीतला. आमच्याच भागातला, अजिंठ्याच्या वाटेवरच्या एका गावचा. कैदेत रोज पहाटे हवालदार बांगो घ्यायचा. आता आपला आकडा एकदा पाठ केला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण तिथं रात्रीतून माणसं मरत. उपासानं, तापानं. पुढचा माणूस मेला की मागच्याचा आकडा सरकायचा. त्यामुळं रोज सकाळी पुढं कोण उरलंय ते बघून नवा आकडा ओरडावा लागे. किसनला ते जमायचं नाही. तो कालचा आकडा ओरडायचा. चाचा त्याच्या पुढं उभे असायचे आणि ओठ न हलवता त्याला आकडा सांगायचे. एका पहाटे चाचांनाच ग्लानी आली होती, सांगायचं राहिलं. रात्रीत दोघे गेले होते. किसन सवयीनं ‘ज्यू’ ओरडला, दहा. हवा होता ‘हाची’, आठ. हवालदार काठीच्या प्रत्येक तडाख्याला एकच वाक्य म्हणत होता: ‘ज्यू जा नाई! हाची!’ दहा नाही, आठ. पोटात तीन दिवस अन्नाचा कण नव्हता. संध्याकाळपर्यंत किसन गेला.

आणि मी जपानी पाहुण्यांना तोच आकडा हसत हसत ओरडायला लावत होतो, वर बक्षिसी घेत होतो.

युद्ध संपल्यावर चाचा परत आले आणि थेट किसनच्या गावी गेले. त्याची बायको सोनाबाई तेव्हा पोरसवदाच. चाचांनी सांगितलं ते गावानं ऐकून घेतलं आणि एकमुखानं ठरवलं की हे खोटं आहे. कारण काय? तर जपानी आपले दोस्त! आपल्या स्वातंत्र्याच्या फौजेला त्यांनीच बंदुका दिल्या. ते हिंदुस्थानी माणसाला कशाला मारतील? किसन त्या फौजेत गेला असणार, आणि आता सिंगापुरात कुणा चिनी बाईबरोबर सुखात असणार. आणि हा सांगणारा तरी कोण? निजामाचा शिपाई. सोनाबाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या. एका बाजूला मेलेला नवरा, दुसऱ्या बाजूला चिनी बाईबरोबरचा का होईना, जिवंत नवरा. त्यांनी जिवंत नवरा घेतला. कोणीही घेतला असता. तेव्हापासून कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चाचा वर्षातून एकदा तरी त्यांच्या दारी जात. त्या पाणी देत, पण ‘बसा’ म्हणत नसत.

‘पेपरात द्या की हे,’ मी म्हणालो. ‘लोकांना कळू द्या.’

चाचा म्हणाले, ‘बेटा, वहाँ का बोला तो लोगां बोलते, झूट है. यहाँ का बोला तो बोलते, सच है, चुप बैठो.’

‘यहाँ का’ म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मराठवाड्यातल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. रझाकारांनी आमच्याकडं कोणाचं घर जाळलं, कोणाला बुरुजावरून ढकललं, ते आम्हाला नावानिशी पाठ असतं, आणि असायलाच हवं. मुक्तिदिनाला शाळेत झेंडा लागतो आणि धडा तिथं संपतो. त्या झेंड्यानंतरच्या महिनाभरात चाचांच्या जातभाईंचं काय झालं, त्याचा धडा नाही. आमच्या गावात एक गल्ली आहे. तिथं जोती आहेत, घरं नाहीत, बाभळी आहेत. लहानपणी मी आज्याला विचारलं होतं, इथं कोण राहायचं? आजा म्हणाला, ‘कोन नाय. पयल्यापून बाभळीच.’ दगडी जोत्यांवर पहिल्यापासून बाभळी! आजा गाइड असता तर माझ्यापेक्षा चांगला झाला असता.

परवा, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, लेण्यांच्या पायथ्याशी एक जपानी विद्यार्थी भेटला. आता त्यांना गाइड लागत नाही, फोन सगळं सांगतो. मी सहज विचारलं, तुमच्या शाळेत त्या युद्धाचं काय शिकवतात? पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, ‘तो धडा पुस्तकाच्या शेवटी असतो. तिथपर्यंत येईस्तो वर्ष संपतं.’ मी त्याला चहा पाजला. म्हटलं, आपण एकाच शाळेतले.

असो. कॅसेट भरकटली. त्या दिवशी मी चाचांना म्हणालो, उद्यापासून बांगो बंद, कार्डं जाळतो. चाचा म्हणाले, ‘कार्डां जला. बांगो रहने दे. मेरेकू एक बार ले चल. देखना है, वो गिनती सुनके हँसते कैसे.’ आणि मग म्हणाले, ‘मेरी उमर का एक जपानी मिला ना, तो उससे बस एक काम है. सोनाबाई के सामने एक बार हौ बोल दे. कि हुआ था. मेरा बोलना झूट नहीं. बस.’

चाळीस वर्षं ह्या माणसाला जगाकडून एवढंच हवं होतं. एक हौ.

हिवाळ्यात तसा ग्रुप आला. बहुतेक म्हातारे. त्यांच्यासोबत हारादा नावाच्या बाई, टूर लीडर. चाळिशीच्या, नम्र, हातात कायम घड्याळ असल्यासारख्या. मी चाचांना ‘माझे गुरू’ म्हणून बसमध्ये घेतलं. इस्त्रीचा पायजमा, काळी टोपी, पायात दुसऱ्याचे बूट. शहरात जन्म गेला, पण चाचांनी अजिंठा पाहिला नव्हता. भिंतीवरच्या पद्मपाणीकडं ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ‘इसको भी नींद नहीं आती.’

मग बाहेर पायऱ्यांवर मी नेहमीप्रमाणं ओरडलो. रांग लागली, हसत-खिदळत आकडे सुरू झाले. शेवटच्या बाईंनी आपला आकडा लाजत म्हटला. आणि त्यांच्या पलीकडून पुढचा आकडा आला. तोफ सुटावी तसा. चाचा टाचा जुळवून, हनुवटी वर करून उभे होते. मानेच्या शिरा तटतटलेल्या. त्यांना रांगेत कोणी उभं केलं नव्हतं. ते आपोआप उभे राहिले होते.

आता माझा मूर्खपणा ऐका. मला वाटलं, चाचांनी विनोद केला. मी एकटाच मोठ्यानं हसलो. रांगेच्या मधोमध ओनो-सान नावाचे एक म्हातारे होते. त्यांचे दोन्ही हात पँटच्या शिवणीला चिकटले होते, आणि हातातली पाण्याची बाटली गडगडत पायऱ्या उतरत होती.

ते चाचांजवळ आले. ‘दोको?’ कुठं? चाचांनी बेटाचं नाव सांगितलं. हारादाबाई झटकन मध्ये शिरल्या, ओनोंशी काही बोलल्या आणि मला हसून इंग्रजीत म्हणाल्या, ‘ओनो-सान मांचुरियात होते. रेल्वेत. तिथं फार थंडी असते.’

जेवताना चाचा माझ्या कानाशी लागले. ‘झूट है. उसको खाते देख. हात से थाली ढाँक के खाता. एक दाना नहीं छोड़ा. वो उधर च का है. आखिर आखिर में तो वो भी भूके मरे उधर.’

‘चाचा, जाऊ द्या. गिऱ्हाईक आहे.’

‘हौ,’ चाचा म्हणाले. ‘गिऱ्हाईक तो है.’

परतीच्या वाटेवर सोनाबाईंचं गाव आलं, तशी चाचांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं, उतरून जातील. तर ते उलट मागं गेले, ओनोंच्या खुर्चीसमोर उभे राहिले आणि एकदम हलक्या आवाजात म्हणाले, ‘ज्यू जा नाई. हाची.’ मग खिडकीबाहेर बोट दाखवलं. ‘उची.’ घर.

ओनोंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग ते उठले. हारादाबाई विमानाची वेळ सांगत राहिल्या आणि ते उतरले. मागोमाग चाचा, मी, आणि पळत पळत बाई.

हा माणूस नेमका त्याच कँपातला होता का? मला माहीत नाही. तसे कँप काही एक नव्हते, आणि आकडे सगळीकडं तेच असणार. मी नंतर चाचांना तसं म्हणालोही. चाचा म्हणाले, ‘वो नहीं तो उसका भाई.’

सोनाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. साठी उलटलेली, कुंकू तेवढंच ठसठशीत. चाचा नेहमीच्या जागी, ओट्याखाली उभे राहिले. आणि ओनो अंगणात आले ते थेट गुडघ्यांवर बसले, कपाळ मातीला टेकवलं.

‘अगं बया!’ सोनाबाई सूप घेऊन उठल्या. ‘भोवळ आली काय ह्याला? पानी आना रं कोनी!’

‘भोवळ नाही मावशी. ते बोलायला आलेत.’

‘मातीशी?’

ओनो बोलू लागले. खाली मान घालून, एका सुरात, बराच वेळ. मी कान टवकारले. माझ्याजवळ शब्द किती? बुद्धाचे आणि हवालदाराचे. पण त्या बोलण्यात दोन्हीकडचे येत होते. ‘आसा’, सकाळ. ‘बांगो’. ‘वाताशी’, मी. ‘मिता’, पाहिलं. ‘शिन्दा’, मेला. एकदा ‘वाताशी’नंतर असं काही आलं की ते मला कळलं नाही, पण चाचांनी डोळे मिटून घेतले. ते काय होतं हे चाचांनी मला कधीच सांगितलं नाही.

‘काय म्हन्तोय ह्यो?’ सोनाबाईंनी विचारलं.

मी हारादाबाईंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण हसू जाग्यावर होतं. त्या म्हणाल्या, ‘ओनो-सान म्हणतात, भारतातली खेडी फार सुंदर आहेत. इथल्या माणसांच्या प्रेमानं त्यांना भरून आलं.’

मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांना पुरता ओळखत होतो. त्या जपानसाठी खोटं बोलत नव्हत्या, गिऱ्हाइकासाठी बोलत होत्या. पाहुणा उदास होऊन विमानात बसता कामा नये. माझीच वीज होती ती, फक्त जपानी. आणि खरं सांगतो, तेच मराठीत करून टाकावं, सगळ्यांना बसमध्ये घालावं आणि पुढच्या हंगामाचं काम राखावं, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. बाईंनी एक शब्द टाकला असता तर एजन्सीनं मला पुन्हा उभं केलं नसतं. पण चाचा माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. ते सोनाबाईंकडं बघत होते.

‘मावशी,’ मी म्हणालो, ‘हे म्हणतात, किसनभाऊ तिकडंच गेले. कैदेत. ह्यांनी स्वतः पाहिलंय.’

सुपातली तूर सोनाबाईंनी हातानं सपाट केली, पुन्हा विस्कटली, पुन्हा सपाट केली.

‘सिंगापूर नाय?’

‘नाही मावशी.’

‘ती चिनी बाई?’

‘नव्हतीच कोणी.’

‘मेलीला मी लई शिव्या घातल्या गं बाई,’ त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या कोण जाणे, तिथं बाई म्हणून एक हारादाबाईच होत्या. मग त्यांनी चाचांकडं पाहिलं. ‘म्हंजी तू खरं बोलत व्हतास एवढी वर्सं.’

‘हौ, भाभी.’

‘मंग उभा कशाला? बस की. वर बस.’

चाचा ओट्याच्या कडेला टेकले. पहिल्यांदा. पाठ ताठ, जणू पुन्हा कोणी तरी बांगो घेणार आहे. त्यांचं काम झालं होतं. हौ मिळालं होतं. मला वाटलं, आता पाणी पिऊन निघायचं.

तेवढ्यात सोनाबाई म्हणाल्या, ‘इचार त्याला. त्या दिशी जेवला व्हता का माझा मानूस?’

जेवण झालं का, हे मी रोज दुपारी प्रत्येक पाहुण्याला विचारायचो. सगळ्या जपानी भाषेत हे एकच वाक्य मला बिनचूक यायचं. मी ओनोंजवळ वाकलो. ‘किसन... ताबेमाशिता का?’ त्यांचं कपाळ अजून मातीजवळच होतं. ते हळूच इकडून तिकडं हललं. मला दिसलं आणि ओट्याच्या कडेवरून चाचांना दिसलं. सोनाबाईंना नाही.

मी सांगायला तोंड उघडलं, तोच चाचा मराठीत बोलले. ते मराठी क्वचितच बोलत.

‘जेवला होता, भाभी. रताळं मिळालं होतं. मी आन् त्यानं वाटून खाल्लं. मोठा तुकडा त्याला दिला मी.’

‘रताळं त्याला लई आवडायचं,’ सोनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

ओनोंनी माझी बाही ओढली. चाचांनी काय सांगितलं, ते त्यांना हवं होतं. मी सांगितलं: ‘ताबेमाशिता. इमो.’ जेवला. रताळं. ओनोंनी मान वर केली आणि चाचांकडं पाहिलं. चाचांनी नजर हलवली नाही. मग ओनो सोनाबाईंकडं वळले आणि स्पष्ट म्हणाले, ‘हाय.’

‘हे पण व्हय म्हणतात, मावशी.’

दोन देशांच्या दोन साक्षीदारांनी एकमतानं दिलेली तेवढी एकच जबानी मी आयुष्यात ऐकली. ती खोटी होती. मी ती दोन्ही भाषांत, एकही चूक न करता, पोचती केली.